आईची आणि भावाची दहावी: कोणत्या कार्यालयात काय मिळतं, काय मिळत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाव संगमेश्वर तालुक्यात. भाऊ एकोणीस वर्षांचा, नववीत शाळा सुटली, आता चिपळूणला गॅरेजमध्ये कामाला आहे. आई एक्केचाळीस वर्षांची, सातवी पास. तिला अंगणवाडीत मदतनीस व्हायचंय म्हणून दहावी करायची आहे. आजीला अक्षरओळख नाही. विचारणारी मुलगी डोंबिवलीत नोकरी करते. सुट्टी काढून ती गावी चौकशीला गेली, तर एका कार्यालयातून दुसऱ्या आणि तिथून तिसऱ्या कार्यालयात पाठवणी झाली. मधल्या काळात एका क्लासवाल्याने ‘पंचवीस हजारांत घरबसल्या दहावी’ असं सांगितलं. तिचं म्हणणं एवढंच, की नेमकं कुठे जायचं आणि शिकायला मदत कोण करतं?

मी रायगड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आमची शाळा सतरा नंबरच्या फॉर्मचं, म्हणजे रोज शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याच्या नोंदणीचं, संपर्क केंद्र आहे. बाहेरून दहावी देणाऱ्यांची नोंदणी, तोंडी परीक्षा, प्रकल्प हे सगळं बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यात तुमच्या आईच्या वयाच्या बायका असतात, गॅरेजमधली, हॉटेलातली, बांधकामावरची मुलं असतात. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र आलेत. शिक्षण खात्याची विभागीय आणि जिल्हा पातळीवरची बहुतेक कार्यालयं नोंदणी करतात, परीक्षा घेतात, प्रमाणपत्र देतात. मोठ्या माणसाला रोज बसवून शिकवणं त्यांच्या कामात येत नाही. कार्यालय सापडलं की ‘कुठे जायचं’ याचं उत्तर मिळतं. ‘शिकायला मदत कोण करतं’ याचं उत्तर मात्र गावात, शाळेत आणि घरात शोधावं लागतं. फॉर्म भरलेला आहे, हॉल तिकीट आलेलं आहे आणि पेपरला माणूसच नाही, असे उमेदवार मी दरवर्षी बघते. कागदामुळे अडलेले त्या मानाने थोडे असतात. म्हणून मी दोन्ही बाजूंनी लिहिते.

पण त्याही आधी, हे प्रमाणपत्र कशासाठी हवंय ते बघू. तुमच्या आईच्या बाबतीत मला स्पष्ट सांगावं लागेल. राज्याच्या २०२३ च्या शासन निर्णयानंतर अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांसाठी किमान बारावी लागते. वयाची अट १८ ते ३५, विधवा उमेदवारांसाठी ४० पर्यंत. म्हणजे आईने उद्या दहावी केली, पुढे बारावीही केली, तरी या एका पदासाठी वय आड येणार. हे तिला परीक्षा झाल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात जाऊन सध्याची जाहिरात आणि अटी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. अटी बदलतात, आणि गावात फिरणारी माहिती बहुधा जुनी असते.

हे सांगितल्यावर आई काय म्हणते ते नीट ऐका. आमच्या केंद्रावर येणाऱ्या बायकांपैकी पुष्कळजणी नोकरीचं कारण सांगून येतात, कारण घरात तेच कारण चालतं. ‘मला शिकायचंय’ असं चाळिशीतल्या बाईने म्हटलं तर घरचे हसतील अशी तिला भीती असते. नोकरीचं कारण निघून गेल्यावरही तिला दहावी करायची असेल, तर तिला जरूर बसवा. बचत गटाचा हिशेब ठेवणं, ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या कामात पुढे जाणं, ग्रामसभेत कागद वाचून बोलणं यांत त्या अभ्यासाचा उपयोग होतोच. दहावीनंतर ठरावीक वर्षांचं अंतर पूर्ण झालं की सतरा नंबरनेच कला शाखेतून बारावीही देता येते. मात्र या वयात नोकरीचं आश्वासन तिला कुणी देऊ नये, तुम्हीही नाही.

भावाचं गणित वेगळं आहे, आणि मला त्याच्याबद्दल जास्त आशा वाटते. हातात काम आहे, वय कमी आहे, आणि दहावीमुळे त्याच्यापुढे एक ठोस दार उघडतं ते म्हणजे आयटीआय, औद्योगिक प्रशिक्षण संस्था. तिथे किमान वय १४ पूर्ण लागतं, वरच्या वयाची मर्यादा नाही. मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा किंवा डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम दहावी पास मुलाला करता येतो. काही ट्रेड दहावी नापासांनाही खुले असतात, ते त्या वर्षीच्या प्रवेश माहितीपुस्तिकेत बघायचे. शिवाय दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला तर राज्य मंडळाकडे भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवता येते. हे गॅरेजमधल्या मुलांना कुणी सांगतच नाही. जाता जाता आणखी एक. भावाला मोठ्या गाडीचा परवाना काढण्यासाठी आठवी-दहावी हवी असं कुणी म्हणालं असेल, तर आठवीची ती अट केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली. केवळ परवान्यासाठी परीक्षा देण्याची गरज नाही.

आता कार्यालयं. इथे लोकांचा गोंधळ होतो तो रास्तच आहे, कारण एकाच जिल्ह्यावर शिक्षण खात्याचे वेगवेगळे नकाशे पडलेले असतात. दहावी-बारावीची परीक्षा घेणारं महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ पुण्यात आहे. त्याची नऊ विभागीय मंडळं आहेत: पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण. कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीत आहे, त्याच्याकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे येतात. म्हणजे तुमच्या आईची आणि भावाची दहावी या मंडळाकडची. परंतु शाळांचं प्रशासन बघणारे विभागीय शिक्षण उपसंचालक रत्नागिरी जिल्ह्यासाठी कोल्हापूरला बसतात. रायगडचा माणूस मात्र मंडळासाठीही आणि उपसंचालकांसाठीही मुंबई विभागात येतो. कुणी तुम्हाला ‘विभागीय कार्यालयात जा’ म्हटलं, तर लगेच विचारा, बोर्डाचं की उपसंचालकांचं?

जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी एक नसतात. प्राथमिकचे वेगळे, माध्यमिकचे वेगळे, आणि योजना विभागाचे वेगळे. माध्यमिक विभागाचा तुम्हाला उपयोग शाळेने दाखला अडवला किंवा रेकॉर्डमध्ये चूक निघाली तर. योजना विभागाकडे साक्षरतेचं काम असतं, म्हणजे आजीचं दार ते. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या खाली विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख. माझ्या अनुभवात सर्वसामान्य माणसाला सगळ्यांत उपयोगी पडतो तो आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारा केंद्रप्रमुख. कोणत्या शाळेचं जुनं रजिस्टर कुठे आहे, कोणत्या हायस्कुलात बाहेरच्या विद्यार्थ्यांकडे लक्ष देतात, हे त्याला तोंडपाठ असतं. तुम्ही डोंबिवलीहून सुट्टी काढून जिल्ह्याच्या गावी जाण्याआधी गावातल्या शाळेतून केंद्रप्रमुखांचा नंबर घ्या आणि फोन करा.

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्याचा नोंदणी अर्ज. दहावीसाठी अट अशी, की वय १४ पूर्ण हवं आणि किमान पाचवी उत्तीर्ण हवी. आई सातवी पास, भाऊ आठवी पास, दोघेही बसतात. आधी आठवी करा, मग नववी करा, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. शाळा सोडून एखादंच वर्ष झालेलं असेल तर मधल्या अंतराचा नियम लागू शकतो, त्यामुळे भावाच्या बाबतीत दाखल्यावरची तारीख संपर्क केंद्रात दाखवून घ्या. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, तिथेच तालुका आणि माध्यम बघून संपर्क केंद्राची शाळा निवडायची, शुल्क तिथेच भरायचं, मग छापील प्रत आणि मूळ कागद त्या शाळेत जमा करायचे. साधारण पावसाळ्यात ही मुदत असते, नंतर विलंब शुल्काची. तारखा आणि शुल्क दरवर्षीच्या पत्रकात बदलतात, म्हणून जुन्या आकड्यांवर विसंबू नका. आणि हे लक्षात ठेवा, सतरा नंबर ही फक्त नोंदणी आहे. परीक्षेचा अर्ज नंतर शाळेमार्फत वेगळा भरला जातो, त्याचं शुल्क वेगळं. ‘फॉर्म भरलाय की’ म्हणून निवांत बसलेल्या उमेदवारांना नोव्हेंबरात शोधत फिरायची वेळ माझ्यावर येते.

कागदांत मुख्य कागद एकच, शाळा सोडल्याचा दाखला. मूळ दाखला जमा होतो, त्यामुळे देण्याआधी त्याच्या चार-पाच छायाप्रती काढून ठेवा. दाखला हरवला असेल तर शाळेतून दुसरी प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागतं. आईच्या बाबतीत तिची प्राथमिक शाळा शोधावी लागेल. तिच्या माहेरची शाळा पट कमी झाल्यामुळे बंद झाली असण्याची शक्यता कोकणात बरीच. घाबरू नका, शाळा बंद झाली तरी जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदींचं मूळ पुस्तक, नष्ट होत नाही. ते जवळच्या शाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात ठेवलेलं असतं. तिथून दाखल्याची प्रत किंवा निर्गम उतारा, म्हणजे त्या नोंदीची नक्कल, मिळते. त्यासाठी आईचं माहेरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि अंदाजे कोणत्या वर्षी शाळा सोडली हे कागदावर लिहून न्या. एवढं असलं की शोधणाऱ्याचं काम निम्मं होतं.

नावाचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक विवाहित बाईला येतो. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. परीक्षेचा अर्ज शाळेच्या रेकॉर्डप्रमाणे भरायचा, म्हणजे गुणपत्रिका माहेरच्या नावाने येणार. पुढे दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद उपयोगी पडते. तो कागद आत्ताच करायला घ्या, कारण निकाल लागल्यावर त्याची घाई होते. दाखल्यावर जन्मतारीख किंवा आईचं नाव चुकलेलं असेल तर दुरुस्तीबद्दल नोंदणी आधीच शाळेशी बोला. दहावीच्या प्रमाणपत्रावर एकदा चूक उमटली की ती काढणं फार जिकिरीचं होतं.

ज्यांच्याकडे शाळेचा कागदच नाही, किंवा जे पाचवीपर्यंतही पोचले नाहीत, त्यांच्यासाठी रस्ता निराळा. राज्य शासनाने २०१७ मध्ये महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ स्थापन केलं. त्याच्या पाचवीच्या परीक्षेला वय १० पूर्ण लागतं, आठवीच्या परीक्षेला १३ पूर्ण. तुमच्या घरात सध्या याची गरज नाही, पण शेजारपाजारच्या कुणाला लागेल म्हणून सांगून ठेवते.

दुसरा पर्याय एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिचं विभागीय केंद्र पुण्यात आहे. वय १४ पूर्ण असलं की दहावीला प्रवेश मिळतो आणि मराठी माध्यमही आहे. या पद्धतीचा मोठा फायदा मोकळीक. पाच विषय स्वतः निवडायचे, गणित सक्तीचं नाही, एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि त्या काळात नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते, तीही वर्षातून दोनदा. पास व्हायला ३३ टक्के. आमच्या राज्य मंडळात ३५. मग सगळ्यांना तिकडेच का पाठवत नाही? एक तर खर्च जास्त पडतो. दुसरं म्हणजे अभ्यास केंद्र आणि परीक्षा केंद्र जवळ असेलच असं नाही, आणि तिसरं, माझ्या दृष्टीने महत्त्वाचं, गावात त्या पुस्तकांतून शिकवणारं कुणी सापडत नाही. राज्य मंडळाची दहावीची पुस्तकं मात्र शेजारच्या प्रत्येक घरात असतात, शिकवणी घेणारी मुलगीही असते. भावाला गणित सोडून आयटीआयच्या तांत्रिक ट्रेडकडे जाण्यात अर्थ नाही, म्हणून त्याने सतरा नंबरच घ्यावा. आई गणिताला खरोखरच घाबरत असेल, तिला एकेक-दोनदोन विषय सवडीने द्यायचे असतील, तर तिच्यासाठी एनआयओएसचा विचार जरूर करा. माझा कल तरीही आधी सतरा नंबरकडेच आहे, आणि त्याचं कारण पुढे सांगते.

क्लासवाल्याचं म्हणाल तर ‘घरबसल्या’ हा शब्दच तुम्हाला सावध करायला पुरेसा आहे. राज्य मंडळ असो की एनआयओएस, उमेदवाराला परीक्षा केंद्रावर जाऊन पेपर लिहावाच लागतो. पैसे भरायचे ते मंडळाच्या किंवा संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर, पावती उमेदवाराच्या नावाने. कुणी दुसऱ्या राज्यातल्या, कधी नाव न ऐकलेल्या मंडळाचं प्रमाणपत्र देऊ म्हणत असेल, तर ते अकरावीच्या किंवा आयटीआयच्या प्रवेशाच्या वेळी पडताळणीत अडकतं आणि तोवर पैसे गेलेले असतात. त्या पैशात गावातल्या एखाद्या डी.एड. झालेल्या मुलीला वर्षभर शिकवणीसाठी ठेवता येईल, आणि तिलाही काम मिळेल.

आता शिकण्याकडे येते. याच भागासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं.

संपर्क केंद्र निवडताना लोक फक्त अंतर बघतात. तुम्ही शाळेत जाऊन एक प्रश्न विचारा: ‘बाहेरच्या विद्यार्थ्यांना तुम्ही वर्षातून किती वेळा बोलावता?’ काही शाळा फक्त कागद घ्यायला आणि तोंडी परीक्षेला बोलावतात. काही शाळांत एखादे सर किंवा बाई रविवारी दोन तास बसवतात, सराव परीक्षेला नियमित मुलांबरोबर बसू देतात. नियमाने शाळेवर रोज शिकवण्याचं बंधन नाही, म्हणून हे पूर्णपणे त्या शाळेतल्या माणसांवर अवलंबून असतं. अशी शाळा चार किलोमीटर लांब असली तरी तीच घ्या. आई आणि भाऊ यांचं केंद्र एकच असण्याची गरज नाही. भाऊ चिपळूणला राहतो, त्याने तिथलं घ्यावं, आईने गावाजवळचं. मुंबई-पुण्यात रात्रशाळा आहेत, तिथे दिवसभर काम करणारी मुलं संध्याकाळी नियमित विद्यार्थी म्हणून शिकतात. तुमच्या ओळखीत शहरात कामाला आलेला कुणी असेल तर त्याने सतरा नंबरऐवजी रात्रशाळा गाठावी. रोजचा वर्ग, रोजचे मित्र, याला तोड नाही. ‘प्रथम’सारख्या संस्था शाळा सुटलेल्या मुली आणि बायकांसाठी दहावीचे वर्ग काही जिल्ह्यांत चालवतात, त्याचीही तुमच्या तालुक्यात चौकशी करा.

मोठ्या माणसाला शिकवणं आणि चौदा वर्षांच्या मुलाला शिकवणं यात फरक आहे. बायकांना गणित येत नाही असं त्या स्वतःच सांगतात, आणि मग बचत गटाच्या कर्जावरचं व्याज तोंडी सांगतात. मी त्यांना बीजगणिताच्या पहिल्या धड्यापासून कधीच सुरू करत नाही. आर्थिक नियोजनाचं प्रकरण, जीएसटीचं बिल, शेकडेवारी, मग सांख्यिकी, असं घेते. हे गुण त्यांना हाताशी असतात. भूमितीत रचना आधी. कंपास आणि पट्टी हातात आली की भीती निम्मी होते. प्रमेयांच्या सिद्धता सगळ्यांत शेवटी. गॅरेजमधल्या मुलांचं विज्ञान याच तऱ्हेने सोपं जातं. विद्युतधारा, उष्णता, भिंग हे त्यांनी हाताने केलेलं असतं, फक्त त्याला पुस्तकातलं नाव काय ते माहीत नसतं.

इंग्रजीची भीती सगळ्यांनाच. पण दहावीला भाषांना आता कृतिपत्रिका असते. म्हणजे उतारा समोर छापलेला असतो आणि बरीच उत्तरं त्या उताऱ्यातच असतात. शब्दन्‌शब्द कळला नाही तरी प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकून त्याच्या आसपासचं वाक्य लिहिता येतं. हे कौशल्य चार-पाच महिन्यांत अंगवळणी पडतं. पाठांतरावर विसंबलेल्या जुन्या पद्धतीपेक्षा ही कृतिपत्रिका प्रौढांना जास्त मानवते, असं माझं ठाम मत झालंय. सतरा नंबरकडे माझा कल आहे तो यामुळे. ज्यांना गणित आणि इंग्रजी या दोन भिंती वाटतात, त्यांनाही नीट वर्षभर मिळालं तर त्या ओलांडता येतात, आणि ओलांडल्यावर पुढे आयटीआय असो वा बारावी, कुठे अडायला होत नाही.

आणखी एक गोष्ट शिकवणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. वीस वर्षं ज्या हाताने लिहिलेलं नाही, तो हात तीन तास चालत नाही. भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा असतो, गणिताच्या नि विज्ञानाच्या दोन-दोन पेपरांना प्रत्येकी दोन तास. उत्तर येतंय आणि बोटं दुखतायत म्हणून पेपर अर्धा राहिला, असं मी पाहिलंय. म्हणून पहिल्या दिवसापासून रोज लिहायला लावा, आधी वीस मिनिटं, मग अर्धा तास, दिवाळीनंतर एकेक तास. काहीही लिहू दे, किराण्याची यादी, देवाची आरती, धड्यातला उतारा. दृष्टी तपासून घ्या. चाळिशीचा चष्मा लागलेला असतो आणि बाई म्हणते, मला वाचलेलं लक्षात राहत नाही.

कोकणात वर्षाचं वेळापत्रकही आडवं येतं, त्याचा विचार आत्ताच करा. फॉर्म सुटतो तेव्हा भातलावणी चालू असते किंवा गणपती तोंडावर आलेले असतात. लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमका शिमगा. घरी पालखी, चाकरमानी गावात, आईला चुलीपासून हलता येत नाही. भावाच्या गॅरेजमध्ये मुंबईच्या गाड्यांची रांग. काजूही त्याच दिवसांत गोळा करायचे. मी माझ्या केंद्रावर घरच्यांना बोलावून घेते आणि त्यांच्यासमोर परीक्षेच्या तारखा वाचून दाखवते. परीक्षेच्या त्या दिवसांत स्वयंपाक कोण करणार, हे नाव घेऊन ठरवायचं. तुम्ही डोंबिवलीहून नेमकी तेव्हा रजा काढून गेलात, तर फीचे पैसे पाठवण्यापेक्षा ती मदत मोठी ठरेल. भावाच्या मालकाशीही आधीच बोला. पेपर रोज नसतात, पूर्ण महिना सुट्टी लागत नाही, हे कळलं की बरेच मालक तयार होतात.

आजीसाठी ‘उल्लास’ म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रम आहे. केंद्राची ही योजना २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे, वय १५ च्या वरचं कुणीही निरक्षर त्यात येतं. जवळच्या शाळेत नाव नोंदवायचं, शिकवायला स्वयंसेवक, आणि शेवटी त्याच शाळेत १५० गुणांची चाचणी: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०, प्रत्येक भागात ३३ टक्के पुरे. पैसे लागत नाहीत. महाराष्ट्राला हे काम नवं नाही. सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, गावंच्या गावं साक्षर करायचा तो प्रयत्न पुढे राज्यभर गेला आणि १९७२ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पण वाचायला पुढे काही मिळालं नाही की शिकलेलं विसरतं, हा तेव्हाचा अनुभव आजही लागू पडतो. त्यामुळे आजीला चाचणीपुरतं शिकवू नका. तिच्या ओळखीचं वाचायला द्या: एसटीच्या पाट्या, नातवंडांची नावं, औषधाच्या पाकिटावरची तारीख, हरिपाठ. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरते, तिथे साठ-सत्तरीतल्या बायका गुलाबी साडी नेसून पाटी घेऊन बसतात. आजी एकटी शिकायला लाजत असेल तर वाडीतल्या आणखी दोघी-तिघींना बरोबर घ्या. स्वयंसेवक म्हणून तुमची आईच नाव देऊ शकते का, ते शाळेत विचारा. शिकवताना तिचंही वाचन सुधारेल.

तुम्ही विचारलं नाही, पण गावात १४ वर्षांच्या आतलं कुणी मूल शाळेबाहेर दिसलं तर त्याला यातलं काहीच लागू नाही. शिक्षण हक्क कायद्याने त्याला वयाच्या मानाने योग्य वर्गात सरळ प्रवेश मिळतो, दाखला नाही म्हणून शाळा नाकारू शकत नाही, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत, वय १४ ओलांडलं तरी, त्याचं शिक्षण मोफत राहतं. मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करून दहावी-बारावीशिवाय थेट पदवी घ्या, असाही सल्ला लोक देतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हे मोलाचं काम करतंय. तरी ज्या जाहिरातीत दहावी किंवा बारावी मागितलेली असते, तिथे पूर्वतयारीने ती अट पूर्ण होईलच असं धरून चालू नका. भावाला मोटर किंवा डिझेल मेकॅनिकच्या आयटीआयसाठी दहावीच लागणार.

या महिन्यात करायचं ते एवढं: आईच्या शाळेचं रजिस्टर कुठे आहे ते केंद्रप्रमुखांकडून कळवून घ्या, भावाचा दाखला ताब्यात घ्या, दोन-तीन हायस्कुलांत जाऊन रविवारी बसवणारे शिक्षक कुठे आहेत ते विचारा. पुस्तकांना थांबू नका. बालभारतीची दहावीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात, किंवा यंदा दहावी झालेल्या कुणाचीही मागून घ्या. पुस्तक कोणत्या वर्षीचं आहे आणि अभ्यासक्रम बदललेला नाही ना, एवढं बघा.

आणि निकालाबद्दल दोघांना आधीच सांगून ठेवा. पहिल्या फेरीत सहाही विषय निघतीलच असं नाही. जे विषय निघाले ते निघाले, राहिलेल्यांसाठी लगेच पुरवणी परीक्षा असते, आणि एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीने, म्हणजे ते विषय नंतर काढण्याच्या सवलतीने, अकरावीचा प्रवेश मिळतो. गुणपत्रिका आणि हॉल तिकीट जपून ठेवायचं, पुरवणीचा अर्ज त्याच संपर्क केंद्रातून भरायचा. निकालाच्या दिवशी तुम्ही घरी नसाल, तर निदान फोनवर असा. विषय राहिला की मोठी माणसं शाळेत पुन्हा पाऊल टाकायला संकोचतात आणि पुरवणीच्या अर्जाची मुदत फार थोडी असते.